वर्ग बंद झालेला नाही, अक्का

अक्का,

तुमच्या शोकसभेत मी उभा राहिलो नाही.

संस्थेच्या सचिवांनी तुमच्या फोटोला हार घातला, तुमच्याबद्दल चांगलं बोलले आणि शेवटी म्हणाले, "अक्कांचा रविवारचा वर्ग अक्कांबरोबरच थांबतो आहे. त्यांची स्वतःची तशी इच्छा होती. तिचा मान राखणं हीच त्यांना श्रद्धांजली." मग दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या, सगळे उठले. मी बसून राहिलो. शेजारी आपल्या फिजिओथेरपिस्ट रुबीनाताई होत्या. त्यांनी माझी बाही ओढली, तरी मी उठलो नाही. तुमच्यासाठी दोन मिनिटं काय, दोन तास उभा राहिलो असतो. पण ते वाक्य ऐकल्यावर उठणं म्हणजे त्याला मान डोलावणं झालं असतं.

अडचण एवढीच की सचिव खोटं बोलत नव्हते. तुम्ही खरंच तसं म्हणाला होतात. मलाही म्हणाला होतात.

हे तुम्हाला लिहितो आहे, पण इतरही वाचतील. त्यांना आपला वर्ग माहीत नसेल. महिन्यातले दोन रविवार, धुळ्यात, संस्थेच्या नर्सिंगच्या शाळेच्या वरच्या हॉलमध्ये, सकाळी दहा ते चार. शिकायला येणारे सगळे नोकरी करणारे. कोणी एक्स-रे काढणारा, कोणी रक्त घेणारी, कोणी औषधाच्या खिडकीत बसणारा, आणि माझ्यासारखे डायलिसिसच्या मशीनवर काम करणारे. एक वर्षाचा अभ्यास. विषयाचं नाव वर्तनशास्त्र. तुम्ही पहिल्या दिवशी फळ्यावर ते नाव लिहायचात आणि लगेच पुसायचात. "नाव विसरा," म्हणायचात, "आजारी माणूस असा का वागतो आणि त्याच्यापुढे आपण असे का वागतो, एवढंच शिकायचंय."

मी स्वतःहून आलो नव्हतो. जळगावच्या ज्या दवाखान्यात मी कामाला आहे, तिथे माझ्याविरुद्ध पेशंटच्या नातेवाइकांनी तक्रारी केल्या होत्या. माणूस कामात चांगला, पण बोलतो फार वाईट. डॉक्टरांनी मला बोलावून तुमच्या वर्गाचा कागद हातात दिला. मला तो अपमान वाटला. असोद्यात आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. वडील केळीच्या बागांमध्ये घड कापायचे, आई पानं उचलायची. मी बी.एस्सी. केलं, मग डायलिसिसचा डिप्लोमा केला. सुई एकाच प्रयत्नात लावायचो. मशीन वाजायला लागलं की आवाजावरून सांगायचो काय बिघडलंय. आणि आता मला वागायला शिकवणार?

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "वागायला शिकायचा क्लास? अन् मग आम्ही काय शिकवलं तुला इतकी वर्षं?"

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला होतात. "आईला म्हणावं, तुमचंच शिकवणं आहे. दवाखान्यात गेल्यावर पोरं ते विसरतात, म्हणून मी उजळणी घेते."

तुमची ती पद्धत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती पोरखेळ वाटली होती. प्रत्येकाने आठवडाभरात पेशंटला बोललेलं एक वाक्य चिठ्ठीवर लिहून आणायचं. जे बोलल्यावर पेशंट गप्प झाला, असं वाक्य. मग ज्याचं वाक्य त्यानेच तपासायच्या टेबलावर आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने उभं राहून ते वाक्य त्याला ऐकवायचं. पडलेल्याने पेशंट होऊन उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी फक्त पाहायचं.

माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पाणी कमी प्या म्हणून किती वेळा सांगायचं? मरायचंय का?"

तुम्ही मला झोपवलंत. डावा हात बाजूला पसरायला लावलात, जसा आमच्या पेशंटचा चार तास असतो, आणि म्हणालात, "हा हात आता हलवायचा नाही." रुबीनाताई तेव्हा माझ्याच तुकडीत होत्या. त्या माझ्या उशाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझं वाक्य मला ऐकवलं. मी हसलो. तुम्ही म्हणालात, "पुन्हा." त्यांनी पुन्हा ऐकवलं, या वेळी खरोखर चिडून. खालून माणूस केवढा मोठा दिसतो ते मला तेव्हा कळलं. छताचा पंखा त्यांच्या डोक्यामागे फिरत होता.

"उत्तर दे," तुम्ही म्हणालात.

"नाही प्यालो," मी म्हणालो.

"खरं?"

"नाही. पण तेच तोंडातून निघालं."

तुम्ही काही समजावलं नाहीत. "ऊठ, पुढचा कोण?" एवढंच म्हणालात.

त्याच आठवड्यात आमच्याकडे उत्तम आबा आले. एरंडोल रस्त्यावर त्यांच्या मुलाची रसवंती आहे. आबांचं वजन कागदावर नेहमी बरोबर असायचं, जेवढं वाढायला हवं तेवढंच. तरी दोनदा ते ठरलेल्या वाराच्या आदल्या दिवशीच धापा टाकत आले होते. आमच्या कामात वजनावरून सगळं ठरतं. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी, तेवढं मशीनने काढायचं. मी इतके दिवस काट्याचा आकडा पाहत होतो. त्या दिवशी आबांकडे पाहिलं. ते काट्यावर उभे होते आणि त्यांची दोन बोटं शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर टेकलेली होती. फक्त दोन बोटं. त्यांवर भार देऊन त्यांनी आकडा खाली आणला होता.

मी ओरडेन म्हणून. माझ्या तोंडाला भिऊन एक म्हातारा माणूस स्वतःच्या अंगातलं पाणी लपवत होता, आणि मी ते कमी काढून त्याला घरी पाठवत होतो.

मी म्हणालो, "आबा, हात खाली घ्या. कितीही येऊ द्या, मी काही बोलणार नाही."

त्यांनी हात काढला. आकडा दोन किलोंहून जास्त वर चढला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"वरडू नको भाऊ," ते म्हणाले, "माले तुना भ्याव लागस."

मी स्टूल ओढून त्यांच्या समोर बसलो. काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून विचारलं, "आबा, दिवसभर कुठं बसता तुम्ही?"

"कथा बससू? रसवंतीवर! पोऱ्या बठ्ठासले रस पाजस, बाप तेवढा तहानेला. तोंड सुकी जास रे. सांग, काय करू?"

मुलगा सगळ्यांना रस पाजतो आणि बापच तेवढा तहानलेला, यावर आम्ही दोघंही हसलो. मग दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवायचं, तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरायचा, खुर्ची रसाच्या घाण्यापासून लांब, झाडाखाली टाकायची, असं ठरवलं. ठरवलं म्हणजे आबांनीच ठरवलं. मी विचारत गेलो. त्यांचं वजन काही लगेच आटोक्यात आलं नाही. पण जे होतं ते खरं येऊ लागलं.

पुढच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही विचारलंत, "आणि बाकीचे किती जण बोटं टेकवत असतील?" मी सोमवारी जाऊन पाहिलं. अजून तीन जण होते.

अक्का, माझ्या डिप्लोम्याने मला मशीन दिलं. मशीनला जोडलेला माणूस तुम्ही दाखवलात. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि माझं इंग्रजी असोद्याच्या शाळेतलं. मी समजल्यासारखी मान हलवायचो, ते तुम्ही पहिल्याच महिन्यात ओळखलंत. चारचौघांत काही बोलला नाहीत. पुढच्या रविवारपासून प्रत्येक धडा मराठीत लिहून आणू लागलात, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात, आणि सगळ्यांना वाटू लागलात, म्हणजे तो फक्त माझ्यासाठी आहे असं कोणाला वाटू नये. वर पुन्हा नियम केलात की धडा आपल्या घरच्या बोलीत सांगता आला तरच समजला. शिंदखेड्याची ती रक्त घेणारी मुलगी, जी वर्गात तोंड उघडत नव्हती, ती अहिराणीत असं सांगायची की तुम्हीसुद्धा लिहून घ्यायचात. याचे आभार मी कधी मानले नाहीत. आभार मानले की तुम्ही विषय बदलायचात.

आता भांडणाकडे येतो.

सोनगीरकडच्या एका गावातल्या त्या माणसाची गोष्ट मी विसरलेलो नाही. तो लॅबमध्ये काम करायचा, आपल्या वर्गात सगळ्यात हुशार. वर्ष संपल्यावर त्याने गावात बोर्ड लावला, मनाच्या सर्व आजारांवर सल्ला. कितीतरी वर्षं गोळ्या घेणाऱ्या एका बाईला त्याने सांगितलं, गोळ्या सोडा, माझ्याशी बोला. ती बाई पुढे दवाखान्यात भरती झाली. तुम्हाला कळलं त्या दिवशी तुम्ही एसटीने गेलात, त्याच्या दारावरचा बोर्ड स्वतः उतरवलात आणि पिशवीत मावेना म्हणून काखेत धरून परत आणलात. मी तेव्हा तुम्हाला वर्गात मदत करायला येत होतो. तुम्ही तो बोर्ड फळ्याला टेकवून ठेवलात आणि म्हणालात, "हा मी लावलाय."

त्यानंतर तीन महिने वर्ग बंद होता. पुन्हा सुरू केलात तेव्हा प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी एक ओळ लिहून घेऊ लागलात: मी इलाज करत नाही. पण तुमच्या मनातून ती बाई गेली नाही. तुम्ही तिला दर आठवड्याला फोन करायचात, हे मला तुमच्या मुलीने आता सांगितलं.

म्हणून तुम्ही आजारी पडल्यावर नको म्हणालात, हे मला समजतं. शेवटच्या भेटीत मी तुमच्या पलंगाशी बसलो होतो आणि मला एकच गोष्ट विचारायची होती.

"नवीन तुकडीची नावं आली आहेत. वर्ग मी आणि रुबीनाताई घेऊ का?"

"नको."

"तुमच्या वह्या आहेत. पद्धत आम्हाला पाठ आहे."

"पाठ आहे म्हणूनच नको. मानसशास्त्र शिकलेला माणूस मिळाला तर चालवा. नाही मिळाला तर बंद करा."

"शिकलेला माणूस रविवारी इथे येणार आहे का, अक्का?"

"नाही येणार."

"मग?"

"मग बंद."

आणि मी म्हणालो, "म्हणजे तुमचा आमच्यावर कधी विश्वासच नव्हता."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "पाणी दे." मी दिलं. तुम्ही घोटभर घेतलंत आणि डोळे मिटलेत. माझ्या बसची वेळ झाली होती. मी निघालो. त्या आठवड्यातच तुम्ही गेलात.

शोकसभेनंतर सचिवांनी हॉलची चावी परत मागितली. मी दिली. हॉल त्यांचा आहे, वर्ग नाही. पुढच्या रविवारी आम्ही रुबीनाताईंच्या फिजिओथेरपीच्या खोलीत जमलो. त्यांच्या नवऱ्याने शेजारच्या दुकानातून सतरंज्या आणून अंथरल्या. नवीन नावं दिलेल्यांपैकी सात आले. सातच. पण एकजण साक्रीहून आला होता आणि शिंदखेड्याची मुलगी आपल्या बहिणीला घेऊन आली होती, जी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते.

नवीन लोकांना पद्धत दाखवायची तर आधी कोणीतरी आडवं व्हायला हवं. मी माझी चिठ्ठी काढली. त्या आठवड्यातली नव्हती. तुमच्या पलंगाशी बोललेलं ते वाक्य होतं.

रुबीनाताईंनी चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "नक्की?" त्यांनी विचारलं. मी टेबलावर आडवा झालो. त्यांनी ते वाक्य मला ऐकवलं, माझ्याच आवाजात, माझ्याच घाईने. "म्हणजे तुमचा आमच्यावर कधी विश्वासच नव्हता."

मी तुम्ही होऊन उत्तर दिलं, "होता रे. खूप होता. म्हणून तर तुम्हाला जपत होते."

"प्रकाशभाऊ," रुबीनाताई म्हणाल्या, "हे तुम्ही तुमच्या सोयीचं बोलताय. अक्का असं कधी बोलल्यात का? परत."

त्यांनी वाक्य परत ऐकवलं. मी वर पाहत पडून राहिलो. माझ्या पोटावर मी नकळत हात ठेवला होता, जसा तुम्ही आजारपणात ठेवायचात.

"पोट दुखतंय माझं," मी म्हणालो. "आणि हा भांडतोय."

एवढंच होतं ते, अक्का. तुम्ही मला उत्तर देत नव्हतात. तुम्ही दुखणं सोसत होतात. तुमच्याकडे शिकलेला, आबांची बोटं पाहिलेला, इतरांना चार गोष्टी सांगणारा मी, तुमचा हात पोटावर होता ते पाहूनही पाहिलं नाही. मला माझ्या वर्गाची पडली होती. तुम्ही दुखतंय असं म्हणाला नाहीत, कारण मी म्हणू दिलं नाही. त्याची माफी मागतो. इथे, सगळ्यांसमोर मागतो.

पण अक्का, माफी त्या वाक्याची आहे. वर्गाची नाही.

तुम्ही दुखण्यात असलात म्हणून तुमचं म्हणणं खोटं ठरत नाही, हे मला कळतं. तुम्ही बऱ्या असतात, खुर्चीत ताठ बसला असतात, तरी नकोच म्हणाला असतात. मला तुमचा नकार पूर्ण ऐकू आलाय आणि तो मी मोडतोय. मोडताना डोळे उघडे ठेवलेत, एवढंच सांगतो. धुळ्यातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघं तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी ते कंटाळून हो म्हणाले. दोन महिन्यांतून एका रविवारी ते येऊन बसतील, आम्ही काय शिकवतो ते ऐकतील, चूक असेल तिथे थांबवतील. प्रमाणपत्र आम्ही देत नाही, म्हणजे भिंतीवर टांगायला कोणाकडे काही नसेल. त्यामुळे काहीजण येणार नाहीत. न येवोत. आणि आजार कुठे सुरू होतो, आपण कुठे हात जोडून डॉक्टरांकडे पाठवायचं, हा धडा आम्ही सगळ्यांत आधी घेतला, दिवसभर घेतला. साक्रीचा तो मुलगा वैतागून म्हणाला, "सर, आम्ही काय करायचं ते शिकायला आलो, तुम्ही काय नाही करायचं तेच सांगताय." मी म्हणालो, "हो. अजून दोन तास तेच सांगणार आहे."

बुधवारी सचिवांचा फोन आला. "ऐकतोय ते खरं का? वर्ग घेतला म्हणे. कोणाच्या परवानगीने?"

"कोणाच्याच नाही," मी म्हणालो.

"अक्कांच्या इच्छेविरुद्ध?"

"हो. त्यांच्या इच्छेविरुद्ध."

"उद्या काही भलतंसलतं झालं तर कोण जबाबदार?"

"माझं नाव लिहून घ्या," मी म्हणालो आणि त्यांना माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सावकाश सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

जळगावला आमच्या युनिटमध्ये काम करणाऱ्या नवीन मुलीने काल मला विचारलं की रविवारी मीही येऊ का. सकाळीच तिने एका पेशंटला असं काही सुनावलं होतं की ती बाई मशीन संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मुलीला ते बोचत होतं, पण काय बोचतंय ते तिला सांगता येत नव्हतं. अशा माणसाला मी काय सांगू, अक्का? की ज्यांना हे कळत होतं त्या गेल्या, आता तू आणि ती बाई बघून घ्या?

मी तिला बसची वेळ सांगितली.

तुम्हाला हे पटणार नाही, मला माहीत आहे. नसेल पटत तर या. दार ढकलून आत या, सात जणांसमोर मला रागवा, मला गप्प करा आणि वर्ग बंद करा. तुम्ही केलात तर मी एक शब्द बोलणार नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं म्हणून तो बंद होणार नाही.